बसवून माप घेणारा शिंपी: शांघायमध्ये शिवून घेतलेला चीपाओ

चीपाओ, म्हणजे उभ्या कॉलरचा, बाजूंना कट असलेला चिनी बायकांचा एकसलग झगा, शिवायला टाकायचा होता. दुकानात गेल्यावर शिफूंनी मला कापड दाखवलं नाही, डिझाइनचं पुस्तकही उघडलं नाही. लाकडी स्टूल पुढे सरकवलं, बसायला सांगितलं आणि बसल्या बसल्या कंबरेपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप लावला. मग उभं केलं, मग पुन्हा बसवलं. मानेचा घेर, मानेचं बूड, खांद्याचा उतार, मुंढा, दंड, पाठीची लांबी, पोट, सीट. मी मनातल्या मनात मोजत होते, सत्तावीस मापं झाली. मी स्वतः शिवणकाम करते, अनेक शिंप्यांकडे कपडे टाकलेत, पण बसवून माप घेणारा शिंपी मला पहिल्यांदाच भेटला. त्यांचं म्हणणं साधं होतं: "उभं राहून सगळेच चीपाओ छान दिसतात. जेवायला बसल्यावर कळतं."

शिफू म्हणजे उस्ताद. हातात कसब असलेल्या कुठल्याही माणसाला चीनमध्ये याच नावाने हाक मारतात. हे शिफू सत्तरीच्या आसपासचे, शांघायचेच, बोलणं बहुतेक शांघायच्या बोलीत. दुकान माओमिंग नान लू या रस्त्यावर, जुन्या फ्रेंच वसाहतीच्या भागात, लॅनशिन थिएटरच्या कोपऱ्यापासून चालत पाच मिनिटं. दोन्ही बाजूंना प्लेन नावाची झाडं आणि एकाला लागून एक चीपाओची दुकानं. यांच्या पाटीवर दोनच अक्षरं आहेत, ची आणि पाओ. पुढे दोन पुतळे, भिंतीला कापडाचे ठाण, मागे कापायचं टेबल. एवढंच.

याआधी मी एक तयार चीपाओ घेतला होता, ३८० युआनला, पर्यटकांची गर्दी असते अशा एका ठिकाणी. चकचकीत पॉलिस्टर साटीन, छातीवर सोनेरी ड्रॅगन, पाठीला चेन, साइड कट थेट मांडीपर्यंत. दुसऱ्यांदा घातला त्या दिवशी बसमध्ये चढताना कट जिथे संपतो तिथून टरकन फाटला. घरी येऊन उलटा केला तर शिलाईच्या आत अर्धा सेंटिमीटरही कापड सोडलेलं नव्हतं. गळ्यापासून काखेकडे जाणारी तिरकी पट्टी नुसती वरून डकवलेली, गुंड्या शोभेच्या. खऱ्या चीपाओत कपडा तिथूनच तर उघडतो. गळ्याच्या मध्यापासून उजव्या काखेकडे, तिथून बाजूने खाली. डावा पदर उजव्यावर येतो, आणि ही पद्धत चीनमध्ये फार जुनी आहे. उलटा पदर पूर्वी प्रेताच्या कपड्याला ठेवायचे. म्हणून विकत घेताना आधी पाठ बघा. पाठीला चेन असेल तर पुढची गुंडी बहुधा उघडत नाही.

माप झाल्यावर शिफूंनी विचारलं, "कुठल्या काळाचा हवा?" आणि मागच्या दांडीवरून चार नमुने काढून टेबलावर ठेवले. या दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. चारही घालून बघू देतात, आणि घालून बघितल्यावर जे समजतं ते काचेपलीकडून बघून समजत नाही.

पहिला १९२०च्या दशकातल्या धाटणीचा. ढगळ, सरळ, पोटरीपर्यंत, बाह्या कोपराखाली घंटेसारख्या पसरलेल्या. अंगावर आला आणि कंबर कुठे आहे तेच दिसेना. चीपाओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे घट्ट चित्र येतं त्याच्याशी याचा काही संबंध वाटत नाही, पण सुरुवात इथूनच झाली. ची म्हणजे निशाण, पाओ म्हणजे झगा. मांचू लोकांची फौज आणि कुटुंबं १६१५ पासून आठ निशाणांखाली विभागलेली होती. १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं आणि छिंग राजवट सुरू झाली. 'निशाणवाल्यां'च्या बायका पायापर्यंत एकसलग रुंद झगा घालत. चीनमधल्या बहुसंख्य हान समाजाच्या स्त्रिया मात्र पूर्ण छिंग काळात आपला दोन भागांचा पेहराव, वर अंगरखा आणि खाली घागरा, घालत राहिल्या. राजवट गेली १९१२ मध्ये. आज ज्याला आपण चीपाओ म्हणतो तो त्यानंतर आला, शांघायसारख्या शहरांतल्या शिकणाऱ्या मुलींच्या अंगावर, पुरुषांच्या लांब झग्यासारखा एकसलग आणि साधा. १९२९ मध्ये सरकारने पोशाखाचे नियम केले तेव्हा बायकांच्या औपचारिक वेशात त्याला जागा मिळाली. चीपाओला 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून विकणारे खूप भेटतात. कपडा शंभर वर्षांचा आहे, आणि शंभर वर्षांत त्याने जेवढी रूपं पालटली ती बघितली तर खोटं वय लावायची गरजच उरत नाही.

दुसरा नमुना १९३०च्या दशकातला, जमिनीला टेकणारा. एक काळ असा होता की खालची कड रस्ता झाडत जायची, म्हणून त्याला 'जमीन झाडणारा चीपाओ' असंच नाव पडलं होतं. उंच टाचांशिवाय घालताच येत नाही. कॉलर एवढी उंच की मान वळवायची तर खांदे वळवावे लागतात. सिगारेटच्या आणि साबणाच्या जाहिरातींच्या कॅलेंडरवर ज्या शांघायच्या बायका दिसतात त्या याच कपड्यात. त्या दशकात लांबी खाली-वर झाली, बाही आखडली, कट वर गेला, खाली आला, कॉलर चढली, उतरली. दरवर्षी काहीतरी बदल. मी त्यात आरशासमोर उभी राहिले, सुंदर दिसत होता, आणि दोन पावलं टाकून काढून ठेवला.

तिसरा १९४०च्या दशकातला. युद्धाची वर्षं, कापड महाग. लांबी पोटरीवर आली, बाही जवळजवळ नाहीशी झाली, कडेने लावलेला गोट एकेरी झाला. चीनचे तेव्हाचे नेते च्यांग काय-शेक यांच्या पत्नी सुंग मेइलिंग १८ फेब्रुवारी १९४३ ला अमेरिकेच्या काँग्रेससमोर बोलल्या तेव्हा काळ्या चीपाओत होत्या. हा नमुना घातला आणि मी स्टुलावर बसून पाहिलं. पोटावर चुणी पडली नाही, कॉलरने गळा धरला नाही. हाच.

चौथा हाँगकाँगचा. १९४९च्या आगेमागे शांघायचे अनेक शिंपी तिकडे गेले, आणि पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या बायका रोज कामाला जाताना हाच घालत. कँटनी बोलीत त्याला चाँगसाम म्हणतात, 'लांब कपडा'. छातीला आणि कंबरेला टक्स (कापड अंगासरशी बसावं म्हणून शिवलेल्या चिमट्या), गुडघ्याच्या आसपास लांबी, खांद्यावर वेगळी शिलाई, बाही वेगळी कापून मुंढ्यात बसवलेली. पाश्चात्त्य शिवणाची सगळी विद्या त्यात आली. जगाला चीपाओ म्हणून जो माहीत आहे तो बहुतांशी हा. तिथली चाँगसाम शिवण्याची कला २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेली. माझ्या अंगाला तो बसला नाही, पण ज्यांना अंगासरशी बसणारा कपडा हवा असेल त्यांनी हाच निवडावा, शिफूंचे टक्स फार सफाईचे आहेत.

दुकानात शिफूंची शिकाऊ मुलगी आहे, चोविशीतली. ती स्वतः चीपाओ घालत नाही. त्या दिवशी तिने मामिएन घागरा घातला होता: पुढे आणि मागे सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना चुण्या, कंबरेला गुंडाळून बांधायचा. छिंगांच्या आधीच्या मिंग काळात रूढ असलेला हा घागरा आज चीनमधल्या तरुण मुलींच्या अंगावर रस्त्यात, मेट्रोत दिसतो. तिचं म्हणणं, चीपाओ मांचूंचा, आम्हा हानांचा तो हानफू, म्हणजे असा जुना हान पेहराव. मला तिचं म्हणणं पूर्ण पटत नाही, कारण शांघायच्या हान मुलींनीच तर तो आपलासा केला आणि घडवला. पण दिवसभर ती हानफूच्या अभिमानाने बोलते आणि हातांनी चीपाओच्या गुंड्या वळते, आणि दोन्ही मनापासून.

कापड. शिफूंनी आधी श्यांगयुन्शा दाखवलं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातलं हे रेशीम शूल्यांग नावाच्या कंदाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, मग एका बाजूला नदीचा चिखल फासतात. चिखलातलं लोह आणि रसातलं टॅनिन मिळून ती बाजू काळी चकचकीत होते, दुसरी विटकरी राहते. हातात चोळलं की कोरड्या पानांसारखं वाजतं. उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. मी बराच वेळ ते हातात धरून बसले होते, पण बजेटच्या बाहेर होतं. शेवटी बाटली-हिरव्या रंगाचं क्रेप रेशीम घेतलं, गोटाला गडद चहाचा रंग. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. तांबडा नवरीचा आणि पांढरा सुतकाचा, त्यामुळे ते दोन्ही रंग आधीच बाद.

हिशेब असा: कापड १,४०० युआन, शिलाई ३,२००, अर्धे पैसे आधी. या रस्त्यावर याहून स्वस्तही मिळतं. पण शिलाईचे पैसे कुठे जातात ते मी दोन दुपारी तिथे बसून पाहिलं, म्हणून सांगते.

गोटासाठी रेशमाच्या मागच्या बाजूला पातळ खळ फिरवतात आणि सावलीत वाळवतात. वाळल्यावर कापड कागदासारखं होतं, मगच त्याच्या उरेब, म्हणजे तिरक्या, पट्ट्या कापतात, बरोबर पंचेचाळीस अंशांत. खळ नसेल तर उरेब पट्टी शिवताना ओढली जाते आणि कड नागमोडी होते. माझ्या तयार चीपाओची कड का वळली होती ते मला तेव्हा समजलं. मग ती पट्टी पुढून मशीनवर आणि आतून हाताने, एकही टाका वर दिसू न देता. सगळ्यात बारीक गोटाचं नाव 'उदबत्ती गोट', कारण तयार झाल्यावर तो उदबत्तीच्या काडीएवढाच दिसतो. कॉलर, पदर, बाह्या, दोन्ही कट, खालची कड, सगळीकडे तोच, सलग, कुठेही जाड-बारीक नाही. मी भिंग लावल्यासारखं पाहिलं. कटाच्या टोकाला, जिथे दोन बाजूंचे गोट भेटतात, तिथेही गाठ आलेली नाही.

गुंड्या शिकाऊ मुलगी वळते. उरेब पट्टी दुमडून दोरीसारखी शिवायची, तिची गाठ मारायची. गाठीचं बोंड एका बाजूला, फास दुसऱ्या बाजूला. फुलांच्या गुंड्यांसाठी पट्टीत तांब्याची बारीक तार घालतात, म्हणजे वळण टिकतं: शेवंती, फुलपाखरू, पिपा वाद्याचा आकार. मी साध्या सरळ गुंड्या घेतल्या. सात गुंड्यांना तिला अख्खी दुपार लागली, आणि दोन तिने उसवून पुन्हा केल्या, मी काही न सांगता.

बाजूला चेन की टिचबटण, यावर आमचं बरंच बोलणं झालं. चेन लवकर लागते, पण मऊ क्रेपमध्ये बरगडीपासून मांडीपर्यंत ताठ रेघ उमटते. टिचबटणं जवळजवळ लावली तर कापड आपल्या वळणाने पडतं. बावीस टिचबटणं आहेत. घालायला सात-आठ मिनिटं लागतात, आणि ती मला अजिबात जड वाटत नाहीत.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. सहा आठवड्यांत देतो म्हणाले आणि नऊ लागले; लग्नाच्या दोन दिवस आधी हातात आला, तोपर्यंत माझी झोप उडाली होती. तीन ट्रायल ठरल्या होत्या, चार झाल्या. दुसऱ्या ट्रायलला कॉलर पाच सेंटिमीटर उंच होती, मान खाली केली की हनुवटी काचत होती. काउंटरवरच्या बाईंनी "सवय होते" म्हणून मला वाटेला लावायचा प्रयत्न केला. हे मला फार लागलं. सवय होण्यासाठी कोणी ४,६०० युआन देत नाही. मी शिफूंना मागून बोलवायला लावलं. त्यांनी एका बोटाने कॉलर आणि गळ्यामधली जागा पाहिली, काही न बोलता कॉलर उसवली आणि चार सेंटिमीटरची नवी केली, जास्तीचे पैसे न घेता. तिसऱ्या ट्रायलला उजवा कट डाव्यापेक्षा बोटभर वर होता. तोही सरळ करून दिला. तेव्हा तुम्ही गेलात तर थेट शिफूंशी बोला, आणि प्रत्येक ट्रायलला बसून, वाकून, हात वर करून बघा. शांघायची बोली येत नसेल तर येणारं कुणी बरोबर न्या. माझ्याबरोबर शेजारच्या आजी आल्या होत्या.

लग्नात गोल टेबलाशी साडेतीन तास बसले. नवरी पांढरा गाऊन बदलून लाल चीपाओत टेबलाटेबलाशी पेल्याला पेला लावायला आली तेव्हा सगळ्यांबरोबर उठले, बसले, दोन मजले जिन्याने उतरले. कट गुडघ्याच्या जरा वर आहे. पायरीला पाऊल पूर्ण उचललं जातं आणि चालताना दिसतो तो फक्त गोट. पोटावर एक चुणी नाही. शिफूंचं स्टूल मला प्रत्येक पदार्थाला आठवलं.

आजींबद्दल लिहायलाच हवं. त्यांचा जन्म १९४४ चा. माझा हिरवा चीपाओ बघून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि कापराच्या लाकडाच्या पेटीतून एक निळा सुती चीपाओ घेऊन आल्या, त्यांच्या आईचा, १९४७ मधला. आई शाळेत शिकवायच्या. हा निळा म्हणजे इंडान्थ्रीन, त्या काळचा न विटणारा रंग, शिक्षिकांचा आणि विद्यार्थिनींचा. आईंचे रेशमी चीपाओ सहा होते. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि घराघरांतून 'जुन्या चार गोष्टी' (जुने विचार, संस्कृती, चालीरीती, सवयी) शोधायला टोळ्या फिरू लागल्या तेव्हा आईंनी एका रात्रीत सहाही उसवले आणि रजईच्या खोळी केल्या. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांच्या पत्नी वांग ग्वांगमेइ यांना छिंगह्वा विद्यापीठात जबरदस्तीने चीपाओ चढवून, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घालून हजारोंसमोर उभं केलं. चार वर्षांपूर्वीच्या इंडोनेशिया दौऱ्यात त्यांनी चीपाओ घातला होता, हा त्यांचा गुन्हा. निळा सुती वाचला, कारण तो कामाचा कपडा दिसत होता. "आईने तो कधीच परत घातला नाही," आजी म्हणाल्या, "पण दर उन्हाळ्यात वाळत घालायची. खोलीच्या आत, दार लावून."

त्यांनी तो मला उलटा करून बघू दिला. खांद्यावर शिलाईच नाही. पुढचा आणि मागचा भाग एकाच कापडाचा, खांद्यावर नुसता दुमडलेला, बाहीसुद्धा त्यातच कापलेली. एकही टक नाही. बाहीच्या टोकाशी कापडाची विणलेली किनार तशीच ठेवून आत दुमडलीय, म्हणजे कापडाचा पन्हा जिथे संपला तिथे बाही संपली. कंबरेचा हलका बाक टकने नाही, इस्त्रीने आणलेला: ओल्या कापडावर गरम इस्त्री दाबत एके ठिकाणी ताणायचं, दुसरीकडे आकसवायचं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही तो बाक बोटांना लागतो.

मागच्या शनिवारी आजी आणि मी तो निळा चीपाओ घेऊन शिफूंकडे गेलो. त्यांनी हात धुतले, पुसले, टेबलावरचे सगळे तुकडे बाजूला केले आणि तो पसरला. बराच वेळ नुसती कंबरेवरून हात फिरवत होते. मग आजींना शांघायच्या बोलीत काहीतरी विचारलं, त्यांनी आईंचं नाव सांगितलं. मी गडद निळं सुती कापड दिलंय, सव्वातीन मीटर. बिनटकाचा, खांद्यावर शिलाई नसलेला, कट गुडघ्याखाली. शिलाई २,४०० सांगितली. आठ आठवडे म्हणालेत, मी दहा धरलेत. पहिली ट्रायल येत्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे आणि आजी म्हणाल्या, स्टुलावर आधी त्या बसणार, कारण दुसरा तसाच त्यांनाही हवाय.